गाळलेली बोळवण

मांडवात कोणी बोलत नव्हते. पाटावर मंजुळा बसली होती, तिच्यापुढे हळदीचे ताट होते, ताटाच्या कडेवर दोन माश्या चालत होत्या. त्यांना हाकलायलाही कोणाचा हात उठत नव्हता. कोपरच्या आळीतल्या वीसेक बायका गुडघ्याला गुडघे लावून बसल्या होत्या आणि त्या सगळ्यांचे डोळे एकाच मिटलेल्या तोंडाकडे लागले होते. ते तोंड आवडाबाईचे. तिच्या मांडीवर सूप, सुपात तांदूळ, तांदळात तिच्या उजव्या हाताची बोटे रुतलेली. बोटे हलली की धवला, लग्न लावायचे गाणे, सुरू होतो, हे आळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. बोटे हलत नव्हती. कोणाची तरी बांगडी किणकिणली, आणि त्या बाईने अपराध झाल्यासारखी ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली.

मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला विश्राम, मंजुळाचा भाऊ, खाली बघत होता. ही शांतता कोणामुळे आहे, हे त्या मांडवात आत्याखेरीज त्याला एकट्यालाच कळत होते.

आवडाबाई त्याची सख्खी आत्या. नवऱ्यामागे माहेरी आली, आणि आईकडून घेतलेले धवलारणीचे काम तिने पुढे चाळीस वर्षे केले. या आगरी आळीत भटजी येत असे तो पंचांगापुरता. लग्न लावायची ती धवलारीण. पहिल्या हळदीला ती त्या घरच्या गेलेल्या माणसांना नावानिशी आवतन देई. ती माणसे यायची, चार दिवस मांडवाखाली बसायची, त्यांचे पान वेगळे वाढले जायचे. आणि चौथ्या दिवशी, जिथे बोलावले त्याच मांडवातून, आत्या त्यांची बोळवण करायची. बोळवणीचे शेवटचे पद संपले की ती मूठभर तांदूळ दाराकडे टाकी, आणि शेवटचा दाणा जमिनीवर स्थिर होईपर्यंत कोणी हूं की चूं करायचे नाही. आवाज झाला तर जाणारा मागे वळतो. आवतन दिलेला माणूस बोळवल्याशिवाय उठत नाही, मग तो जिवंत असो की मेलेला, असे आत्या म्हणायची.

शेवटी विश्रामच्या आईलाच राहवले नाही. सखुबाई म्हणाली, "आवडाबाय, कर की सुरू. उन्हा चरली."

"कोनाला बोलवू, वैनी?"

"कोनाला म्हंजे? मामंजींना बोलव. गुणाजी भावजींना बोलव. यांना बोलव. पोरीचा बापूस मांडवान नको काय?"

"ते नाय हितं."

"मंग कुठं हायत?"

आवडाबाईने मान वर केली नाही. नुसती हनुवटी खांबाच्या दिशेने हलवली. "त्याला इचार. तुज्या शिकलेल्या पोराला."

वीस जणींच्या माना वळल्या. विश्रामला एकाएकी आपल्या इस्त्रीच्या झब्ब्याची लाज वाटली.

घडले होते ते असे. विश्राम एम.ए. झाला, डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवू लागला, आणि नव्या कवितेची पातळ पातळ पुस्तके गोळा करता करता एक दिवस त्याच्या ध्यानात आले की आपल्या घरात न्हाणीपाशी भांडी घासणाऱ्या बाईच्या ओठांवर याहून जुनी, याहून गूढ अशी एक कविता आहे, आणि ती बाई अडुसष्ट वर्षांची आहे. शेतांवर इमारती उभ्या राहत होत्या. मिठागरे बुजत होती. नव्या नवऱ्या मुली बँडच्या तालावर मांडवात येत होत्या. विश्रामने तीन जाड वह्या भरल्या. त्या वह्यांवर रात्रंदिवस ओणवा राहून त्याने जे दुःख केले ते खरे होते. मात्र त्या दुःखात थोडी चवही होती, हे त्याने स्वतःशी कधी कबूल केले नाही.

मग काळुराम आला. काळुराम त्याचा लांबचा चुलतभाऊ. कोपरची मिठागरे बिल्डरला देऊन मोकळा झाला होता आणि खडवलीला नदीकाठी जागा घेऊन त्याने 'मिठागर' नावाचे ग्राम पर्यटन केंद्र काढले होते. "दादा, आपली संस्कृती मरत चालली ना?" तो म्हणाला होता. "मग पब्लिकला दाखवू या. बघतील तर टिकेल. तुम्ही फक्त सांगायचं, काय कसं करायचं. सल्लागार." विश्रामला तो शब्द आवडला. कोणीतरी आपल्या वह्यांना दार उघडून देत आहे, असे त्याला वाटले.

दर रविवारी साडेअकराला तिथे 'आगरी लग्न' लागू लागले. पाहुण्यांतलेच एखादे जोडपे हौसेने पाटावर बसायचे. कार्यक्रमाला बारा मिनिटे. त्यानंतर जेवण. धवला म्हणायला बसला तर दोन तास. तो बारा मिनिटांत बसवायचे काम सल्लागाराचे. विश्रामने वही उघडली, लाल पेन्सिल घेतली. आवतन त्याने ठेवले. ती नावे, ती हाक, त्या अंधाऱ्या वाटा, सगळे ठसठशीत होते. बोळवण त्याने काढली. तिच्यात एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. फक्त उंबरा, अंगण, बांध, खार, खाडी असे शब्द बदलत होते. कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त सांगणाऱ्या कवितेवर ज्याचा कान घडला होता, त्याने समासात लिहिले: पुनरुक्ती.

"नि बोलवन?" पहिल्याच रविवारी आत्याने विचारले होते.

"तेवढा वेळ नाही आते. लोकांची जेवणं असतात. आणि तिथं खरं लग्न थोडंच लागतंय?"

"लग्न खोटा असंल. आवतन तं खरा हाय ना?"

त्यावर विश्राम हसला होता. त्या हसण्यात माया होती, कौतुक होते, आणि एखाद्या सुंदर अडाणीपणाची नोंद वहीत करून ठेवणाऱ्याचा संतोष होता. आज खांबाला टेकून उभे असताना ते हसू त्याला तोंडात आंबलेल्या घासासारखे जाणवले.

याहून वाईट दुसरे होते. कोणतीही नावे घालून म्हण, असे काळुरामने सुचवले तेव्हा आत्या उसळली होती. "नाव नसलेला आवतन म्हंजे रस्त्याव उभा रावून कोनालापन ये म्हनल्यासारखा. काय येईल ते ठावं हाय?" तेव्हा विश्रामनेच तोडगा काढला होता: आपल्याच घरची नावे घे. नामा, गुणाजी, सीताराम. त्याचा आजा, खाडीत गेलेला चुलता, आणि बाप. तिचा बाप, तिचे दोन भाऊ. ओळीत छान बसत होती ती नावे. आणि आत्याने घेतली. भावाचा मुलगा सांगतो, तो शिकलेला, त्याला काहीतरी कळत असेल, म्हणून तिने अकरा रविवार आपल्या मेलेल्या माणसांना हाका मारल्या आणि अकरा रविवार त्यांना तिथे बसवून ती जीपने घरी आली.

"म्हणजे बाबा खडवलीला आहेत?" मंजुळाने विचारले. ठाण्याच्या एका कचेरीत टायपिंग करणारी ती मुलगी असल्या गोष्टींना हसेल, असे विश्रामला क्षणभर वाटले होते. ती हसली नाही.

"मंजू, हे म्हणजे एक प्रकारची… ती एक प्रतिमा असते…"

"दादा, मला तुझ्या वहीतलं काही कळत नाही रे. बाबा माझ्या हळदीला येणार का नाही, एवढं सांग."

सांगितले ते आवडाबाईने, सुपासकट उठत. "येईल. मना तिकडं ने विश्रामा. तिथून उठवल्याबिगर हितं बोलवता नाय यायचा. परत येईपरत हलदीला कोनी हात लावू नका."

जीप कल्याण ओलांडून टिटवाळ्याकडे निघाली. आत्याने सूप मांडीवर घट्ट धरले होते. खड्डा आला की ती तळहाताने तांदूळ झाकत होती. विश्राम बाहेर बघत होता. वैशाखातली माळराने पांढरी पडली होती. काळुरामला सांगू, कार्यक्रम दहा मिनिटे थांबव, आत्या बोळवण म्हणेल, परत फिरू. इतके साधे आहे, असे तो मनाशी म्हणत होता. आणि आपण हे आत्यावर विश्वास ठेवून करतो आहोत की बहिणीच्या डोळ्यांना भिऊन, हे त्याला कळत नव्हते.

खडवलीची कमान दिसली. कमानीवर प्लॅस्टरची आगरीण, कमरेवर घागर, छाती एखाद्या सिनेमाच्या जाहिरातीतली. आत शिरताच तळणीच्या जुनाट तेलाचा वास आला आणि विश्रामने रुमाल नाकाला लावला. हे सगळे त्याने अकरा वेळा पाहिले होते. पण आज कोणीतरी डोळ्यांवरचे कातडे सोलून काढल्यासारखे ते दिसत होते. शेणाने सारवलेली म्हणून दाखवलेली, पण हिरवट रंग फासलेली सिमेंटची जमीन. खांबांना प्लॅस्टिकची आंब्याची पाने. आणि मध्यभागी केंद्राचे भूषण: निळ्या फरश्यांचे चार वाफे, त्यात दुकानातून आणलेले पाकीटबंद मीठ ओतून केलेले ढीग. समुद्र तिथून किती लांब होता! बापाने जन्मभर खाऱ्या पाण्यात पाय कुजवले, त्याच्या टाचांच्या भेगा मरेपर्यंत भरल्या नाहीत. आणि इथे एक बाई त्या ढिगावर चप्पल घालून उभी राहून फोटो काढून घेत होती. भाड्याचे लुगडे तिने पंजाबी ड्रेसवरच गुंडाळले होते. मागच्या कोणाचा तरी घाम त्यावर पांढरा वाळला होता, मिठासारखाच.

आणि मग विश्रामला आवाज ऐकू आला.

"येजो रे नामा बापा, मांडवाच्या दारी… येजो रे गुणाजी बंधू, भैनीच्या घरी…"

आवाज आत्याचा होता. आत्या त्याच्या शेजारी उभी होती, तिचे तोंड मिटलेले होते, आणि आवाज मांडवाच्या खांबावर बांधलेल्या कर्ण्यातून येत होता.

काळुराम लगबगीने पुढे आला. सफारी, गळ्यात साखळी, चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद. "आत्ये! तू कशाला आली गं? आज घरात हळद, तुला त्रास नको म्हणून टेप लावली ना. दादांनी पहिल्या रविवारी केलेली रेकॉर्डिंग. काय मस्त आवाज येतो! नवीन कर्णा आणलेला मी, ठाण्याला गेलेलो तेव्हा."

विश्रामला आठवले. संग्रहासाठी म्हणून त्याने ती टेप केली होती, आणि संदर्भाला म्हणून एक प्रत काळुरामला दिली होती. स्वतःच्या हाताने, वर सुबक अक्षरात नाव घालून.

मांडवात कुठल्याशा कारखान्याची सहल बसली होती. पाटावर पन्नाशीचे जोडपे. नवऱ्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा, कपाळाला कागदी मुंडावळ्या. "अहो म्हात्रेसाहेब, आता तरी लाजा!" कोणीतरी ओरडले आणि मांडव खदखदला. कर्णा ओरडतच होता. "येजो रे सीताराम बंधू…" आवाज तापला, चढला, आणि नेमका त्या टोकावर टेपमधून दुसरा आवाज आला, पुरुषाचा, मऊ, सुसंस्कृत:

"बस, आते. एवढंच पुरे."

खट्. आणि काळुरामच्या माणसाने टेप मागे गुंडाळायला घेतली.

आपला आवाज इतका सभ्य आहे, हे विश्रामने पहिल्यांदा ऐकले. नामा, गुणाजी, सीताराम तिथेच कुठेतरी त्या पाकीटबंद मिठाच्या ढिगाशेजारी उन्हात बसले असतील, आणि आता टेप लागेल तेव्हा त्यांना हे ऐकवले जाईल: बस, एवढंच पुरे. त्याचा त्यावर विश्वास नव्हता. पण त्याला किळस येत होती, आणि किळस येण्यासाठी विश्वास लागत नाही.

"मना बसू दे," आत्या म्हणाली.

"बस की! पण आत्ये, पावणेबाराला पानं मांडायची आहेत…"

विश्राम टेपकडे गेला आणि त्याने वायर उपटली. ठिणगी उडाली. काळुराम "अरे दादा, दादा!" करत धावला, तोवर आवडाबाई त्या कागदी मुंडावळ्यांच्या नवऱ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिची बोटे तांदळात हलू लागली होती.

"आता शांत राहा सगळ्यांनी," विश्राम म्हणाला. "आणि शेवटी ती तांदूळ टाकेल, तेव्हा कोणीही आवाज करायचा नाही. अजिबात नाही."

"कडक आहे बुवा मास्तर," मागून कोणीतरी कुजबुजले.

आत्याने बोळवण सुरू केली.

"उठा रे बापा, उंबरा वलांडा, वाट तुमची मोकली… उठा रे बंधू, आंगन वलांडा, वाट तुमची मोकली…"

सुरुवातीला हसू फुटले, कोणीतरी खोकल्याची नक्कल केली. मग ते थांबले. उंबरा, अंगण, बांध, खार. एकच ओळ, एकाच चालीत, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज अंगुळभर पुढे सरकलेला. विश्राम डोळे मिटून ऐकत होता. ज्याला त्याने पुनरुक्ती म्हटले होते ती पावले होती. म्हातारा नामा एक पाऊल टाकत होता, थांबत होता, मागे बघत होता. त्याला पुन्हा उठा म्हणावे लागत होते. कोणी एकदा सांगून घर सोडत नाही. खाडीपाशी आली तेव्हा आत्याचा आवाज गुणाजीच्या नावावर खरखरला. तो खाडीत गेला तेव्हा त्याचे शरीर मिळाले नव्हते. आणि शेवटी बाप. टाचांना भेगा असलेला, खारीवरून भरभर चालू न शकणारा बाप. विश्रामने श्वास धरून ठेवला. जा बाबा, तो मनात म्हणाला. इथून उठा. घरी मंजू वाट बघते आहे.

पद संपले. आवडाबाईने मूठ भरली, हात उचलला, आणि तांदूळ मांडवाच्या तोंडाकडे टाकले. दाणे हिरव्या सिमेंटवर पडले, टणटणत उडाले. शेणाच्या जमिनीवर ते पडताक्षणी बसले असते. इथे ते घरंगळत राहिले, फिरत राहिले, एक दाणा तर गोल गोल…

टाळ्या पडल्या.

आधी एकाने वाजवली, मग सगळ्या सहलीने. पाटावरच्या नवऱ्याने तोंडात बोटे घालून शिट्टी मारली. "वन्स मोअर!" एका बाईने डोळे पुसत पुसत म्हटले, "किती गोड हो, अगदी काटा आला!" आणि कॅमेऱ्याचा दिवा आवडाबाईच्या तोंडावर चमकला. तिचा हात अजून हवेत होता.

"दादा!" काळुरामने विश्रामच्या दंडाला धरले. त्याचे डोळे ओले झाले होते. तो खोटे रडत नव्हता. "हे गाळलेलं का तुम्ही? अरे पब्लिक रडली! आपण येडे. आवतन कापा, हे ठेवा. आज चारला अजून एक बॅच आहे, तिला पण पाहिजे. आत्ये, थांबतेस ना? दादा, तुम्ही सांगा तिला. आणि ते तांदळाचं शेवटी, ते तर एकदम हिट आहे!"

आणि त्या क्षणी, केवळ एका क्षणापुरता, विश्रामला बरे वाटले. छातीत काहीतरी फुलले: लोकांना कळले, कविता पोचली. ते फुलणे त्याने ओळखले आणि मग त्याला जी शिसारी आली ती तेलाच्या वासाची नव्हती, लुगड्यावरच्या घामाची नव्हती. कुबट भांड्याचे झाकण उघडल्यावर आत आपलाच चेहरा दिसावा, तशी ती होती.

आवडाबाई उकिडवी बसून जमिनीवरचे तांदूळ बघत होती. शेवटचा दाणा आता थांबला होता. तो कोणत्या दिशेला थांबला, हे ती बघत होती की नुसतीच बघत होती, ते कळायला मार्ग नव्हता. पाहुणे जेवणाकडे निघाले होते. एकाचा बूट त्या दाण्यांवरून करकरत गेला.

विश्राम तिच्याशेजारी बसला.

"आते," त्याने हळूच विचारले, "टाळ्या पडायच्या आधी गेले होते ना ते?"

आत्याने सूप उचलले. उलटे करून उरलेले तांदूळ तिथेच झाडून टाकले. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आते, मंजूला काय सांगू मी? बसवू का तिला पाटावर?"

ती वळली नाही. पानांच्या रांगेमधून, मिठाच्या ढिगांना वळसा घालून, त्या प्लॅस्टरच्या आगरणीखालून ती बाहेर पडली. जीप फाटकाशी उभी होती, ड्रायव्हरने दार उघडून धरले होते. तिकडे न बघता ती स्टेशनच्या रस्त्याला लागली, सूप डोक्यावर पालथे धरून, भर उन्हात.